खात नाही, फक्त चाखतो

“पोटॅशियम सात पॉइंट एक आहे. हे इथपर्यंत आले कसे?”

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी हे मला विचारलं. जसं काही मीच मुद्दाम उशीर केला होता. मी म्हटलं, “ऑटोनं आले. एका बाजूनं मी धरलं, एका बाजूनं ऑटोवाल्यानं.” पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी ईसीजीची पट्टी सिस्टरला दाखवली आणि दोघंही एकदम धावायलाच लागले. मीही त्यांच्यामागं धावले.

डिसेंबरचा शेवट होता. सकाळी आमचे हे नेहमीसारखे तयार होऊन दुकानात जायला निघाले आणि गाडीला किक मारायला पायच उचलेना. “थंडीनं आखडले वं पाय. चाय दे, होते बरोबर,” म्हणाले. चहा घेतला. मग खुर्चीतून उठता येईना. चेहरा मातीसारखा झाला होता. तेव्हा मी पायात चप्पल घातली आणि ऑटो बोलावला.

जे झालं ते सरळ सांगते. हायपरकॅलेमिया, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम वाढणं. पोटॅशियम हा एक क्षार आहे. तो अंगात लागतोच, पण मापात. जास्तीचा क्षार किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी कमजोर असेल तर तो रक्तातच साचतो, स्नायू लुळे पडतात आणि शेवटी हृदयाचे ठोके बिघडतात. ईसीजीच्या पट्टीवर ह्यांच्या ठोक्यांचे टोकदार उंच सुळके आले होते. “टी वेव्ह टॉल आहेत. हार्ट कधीही थांबू शकतं,” डॉक्टर म्हणाले. इतकं सांगून त्यांनी मला पडद्याबाहेर काढलं.

आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, हृदयाला सांभाळायला. मग इन्सुलिन आणलं. मी पडद्यातून आत शिरून ओरडले, “ह्यांना शुगर नाही! कोणाचं इंजेक्शन कोणाला देता?” सिस्टर बिचारी दचकली. मग तिनं समजावलं की इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींच्या आत ढकलतं, आणि साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज देतात. हे आधी सांगायला काय जातं हो? दोन वाक्यं लागतात. दुपारी मानेत नळी घालून एकदा डायलिसिस केलं, म्हणजे मशीननं रक्त धुतलं.

चौथ्या दिवशी किडनीच्या डॉक्टरांनी सगळी फाइल समोर ठेवून सांगितलं. क्रिएटिनिन तीन पॉइंट आठ. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा. तो रक्तात जितका जास्त, तितकी किडनी थकलेली. “दोन्ही किडन्या खूप कमी काम करताहेत. बारा वर्षांच्या बीपीनं हे केलं. पण पोटॅशियम आणि बीपी आटोक्यात राहिलं तर डायलिसिस बरीच वर्षं लांबवता येईल.”

बारा वर्षांचं बीपी! आणि गोळी कशी घ्यायचे, तर डोकं दुखलं की. डोकं नाही दुखलं तर गोळी तशीच पडलेली. मी बोलले की म्हणायचे, “गोळ्या खाऊन खाऊनच किडनी जाते वं.” घ्या आता! मला त्या दिवशी इतका संताप आला की ह्यांच्या मानेत नळी नसती तर मी त्यांना गदागदा हलवलं असतं.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी अंगणवाडी सेविका आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. नागपुरात सक्करदऱ्यात आमचं घर, तिथून जवळच माझी अंगणवाडी. पोरांची वजनं करणं, गरोदर बायांना काय खावं काय नाही ते सांगणं, रजिस्टर भरणं, हे माझं काम. कोणाच्या घरी काय शिजतं हे मला वस्तीत शिरताच कळतं, असा माझा तोरा होता. आणि आमचे हे सदरला एका सुकामेव्याच्या दुकानात काउंटरवर. सासरे मागावर लुगडी विणायचे. ह्यांचं मन मागावर लागलं नाही, म्हणून वयाच्या पंचविशीत दुकानात चिकटले. एकतीस वर्षांत दुकान मोठं झालं, म्हाताऱ्या मालकाच्या जागी त्याचा मुलगा शेठ झाला, हे मात्र त्याच काउंटरवर.

वाचणाऱ्याला आत्ताच सगळं समजलं असेल. मला दोन महिने समजलं नाही. डॉक्टरांनाही नाही.

डाएटिशियन मॅडमनी, म्हणजे पथ्य ठरवून देणाऱ्या बाईंनी, सुट्टी होताना छापील यादी दिली. केळी बंद. संत्री बंद. नारळपाणी बंद. टोमॅटो, पालक, बटाटा बेतानं, तेही पाण्यातून काढून. डाळ मोजून. सुकामेवा पूर्ण बंद.

“काका, सुकामेवा खाता का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” हे म्हणाले.

मीसुद्धा मान हलवली. आमच्या घरात सुकामेव्याचा दाणा नसतो. दिवसभर विकणाऱ्या माणसाला घरी त्याचं तोंड पाहायला नको असतं, असं मी धरून चालले होते. दिवाळीत दुकानाकडून डबा मिळतो तोही मी माझ्या मदतनीसबाईला देते. केसपेपरवर व्यवसाय म्हणून एक रकाना असतो. तिथं ‘नोकरी’ असं लिहिलेलं होतं. भरती करताना कोणी तरी विचारलं आणि घाईत मीच तसं सांगितलं होतं.

मग मी घरात कामाला लागले. भाजी बारीक चिरायची, दोन तास भरपूर पाण्यात बुडवून ठेवायची, ते पाणी ओतून द्यायचं. मग नव्या पाण्यात उकळायची, तेही पाणी ओतून द्यायचं. ह्याला लीचिंग म्हणतात, भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि पाण्यासोबत जातं. चवही जाते. ती कुठं जाते ते यादीत लिहिलेलं नसतं. पहाटे पाचला उठून मी हे करायचे, मग डबा भरायचे, मग अंगणवाडी. रस्त्यावर संत्र्यांचे ढीग लागलेले, अख्खं नागपूर संत्री सोलत होतं, आमच्या घरात एक फोड आली नाही. मीही खाल्ली नाही.

आणि सवयीनं मी वही सुरू केली. सकाळी काय, दुपारी डब्यात काय, संध्याकाळी किती, पाणी किती. अंगणवाडीचं रजिस्टर मी जसं भरते तसं, एकही रकाना रिकामा नाही. डबा रोज चकाचक रिकामा परत यायचा. मला बरं वाटायचं की माणूस बेचव का होईना पण पोटभर जेवतो आहे.

पाच आठवड्यांनी तपासणी. पोटॅशियम सहा पॉइंट तीन.

डॉक्टरांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. “घरी पथ्य नीट चाललंय ना?” मी वही पुढं केली. त्यांनी ती डाएटिशियन मॅडमकडं सरकवली. मॅडमनी चार पानं उलटली. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील. हसून म्हणाल्या, “काकू, वही खूप छान आहे. पण रिपोर्ट खोटं बोलत नाही.”

म्हणजे मी खोटं बोलते! अठ्ठावीस वर्षं रजिस्टर भरते मी. एका पोराचं वजन वाढवून लिहिलं नाही कधी, वरून दडपण आलं तरी. आणि ही पोरगी मला हसून खोटारडी म्हणते. मी वही उचलून पिशवीत टाकली. हे शेजारी बसले होते, खाली मान घालून.

डॉक्टरांनी बीपीची एक गोळी बदलली, कारण काही बीपीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम चढतं. पोटॅशियम बांधून शौचावाटे काढणारी पावडर दिली. ही पावडर पाण्यात कालवून घ्यायची, रेती खाल्ल्यासारखी लागते म्हणे. बारा दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. सहा पॉइंट सहा. पुन्हा भरती.

हॉस्पिटलच्या जेवणावर चार दिवसांत ते चार पॉइंट आठवर आलं. चार पॉइंट आठ म्हणजे अगदी चांगलं. आता गंमत बघा. आनंद व्हायचा सोडून सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. सुमनताई, ह्यांच्या थोरल्या बहीण, भेटायला आल्या होत्या. खाटेच्या कडेला बसून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हॉस्पिटलात उतरते आन् घरी गेला का चढते. तू देऊन काय राहिली वं त्याले?”

“जहर देऊन राहिली, ताई!” मी म्हटलं. “तुम्हीबी घेता का थोडं?”

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. सुमनताई उठून गेल्या. हे डोळे मिटून पडले होते. झोपलेले नव्हते, मला माहीत आहे, झोपले की घोरतात.

सुट्टीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “घरी कंट्रोल होत नसेल तर मला रिस्क घेता येणार नाही. आपण फिस्टुला करून घेऊ.” फिस्टुला म्हणजे हाताची शीर आणि धमनी जोडण्याचं छोटं ऑपरेशन. डायलिसिसची जाड सुई टोचायला त्यानं जागा तयार होते. शीर फुगून तयार व्हायला आठवडे लागतात, म्हणून आधीच करून ठेवतात. “मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस, कायमचं.” सर्जनची वेळही ठरली, महिन्याभरानंतरची.

आठवड्यातून तीनदा. चार-चार तास मशीनला बांधलेला माणूस. वय वर्षं छप्पन्न. आणि कारण काय, तर घरी कंट्रोल होत नाही. म्हणजे माझ्याच्यानं होत नाही. मी घरी येऊन ते उकळायचं पातेलं अंगणात भिरकावलं. अजून त्याला पोचा आहे.

आठवड्याभरानं हे पुन्हा दुकानात जायला लागले. रमजान सुरू झाला होता, दुकानात खजुराची गर्दी, मालकाचे फोनवर फोन. चौथ्या दिवशी हे डबा विसरून गेले. मी अंगणवाडी सुटल्यावर डबा घेतला आणि सदरला गेले. एकतीस वर्षांत मी त्या दुकानात पाच-सहा वेळा गेले असेन, तेही बाहेरून हाक मारून परत.

दारात गर्दी होती म्हणून मी बाजूला उभी राहिले. हे मला दिसत होते, मी त्यांना दिसत नव्हते. एक बाई दोन प्रकारच्या खजुरांसमोर उभी होती. म्हणाली, “मेरा तो रोज़ा है भैया, आप ही चखके बता दो.”

ह्यांनी एका पेटीतला खजूर उचलला, फोडून आत पाहिला, बी काढली, तोंडात टाकला. एक क्षण डोळे मिटले. “रसदार है. मगर ज़्यादा मीठा,” म्हणाले. मग दुसऱ्या पेटीतला घेतला. “ये लीजिए. गुठली छोटी, गूदा ज़्यादा.” बाईनं निमूट तो तोलायला सांगितला. तिच्या मागं एक जोडपं होतं, त्यांचा रोजा नव्हता. त्यांच्यासाठी ह्यांनी अंजीर चिरलं, अर्धं त्यांना दिलं, अर्धं स्वतः खाल्लं.

मी मोजायला लागले. पोरांची डोकी मोजते तसं, ओठ न हलवता. पाऊण तासात चौदा खजूर, दोन अर्धी अंजिरं, एक जर्दाळू. आणि गिऱ्हाईक नसताना, पेटी सारखी करताना, एक काळा मऊ खजूर असाच. तो कोणासाठी चाखला नव्हता. तो आवडीचा होता.

मी सरळ काउंटरपाशी गेले.

“अवो, तुम्ही खजूर खाऊन राहिले?”

हे खरंच चकित झाले. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखते, तसा तो नव्हता. म्हणाले, “खाऊन कुठं राहिलो वं? चाखून राहिलो.”

“तोंडातून पोटात जाते का नाही?”

“जाते. पण ते कामाचं हाये न. खाणं वेगळं.”

ऐकलंत? एकतीस वर्षं हा माणूस रोज मूठमूठ खजूर गिळतो आणि त्याच्या लेखी त्यानं एकही खाल्लेला नाही! दुकानाच्या म्हाताऱ्या मालकानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं म्हणे, गिऱ्हाईकाला एकट्याला चाखू द्यायचं नाही, त्याच्यासोबत आपणही तोंडात टाकायचं, तेव्हा त्याचा भरवसा बसतो. आणि रमजानमध्ये गिऱ्हाईक चाखू शकत नाही, म्हणून त्याच्या वाटचंही आपणच. ह्यांना त्याचा अभिमान होता. डाएटिशियननं विचारलं, सुकामेवा खाता का, ह्यांनी नाही सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित माफ केलं असतं. पण दुकानाचा वॉचमन, बिहारकडचा भला माणूस, माझ्या हातातला डबा पाहून म्हणाला, “भाभीजी, आज टिफिन लेट हो गया? आपके हाथ की सब्ज़ी तो रोज़ मैं ही खाता हूँ. बस नमक थोड़ा कम रहता है.”

आता ह्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसाचा झाला.

मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, शेठसमोर, बोलायचं ते सगळं बोलले. पहाटे पाचला उठून कोणासाठी उकळते मी? हॉस्पिटलवाले मला खोटारडी म्हणाले, तुमच्या बहिणीनं सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, देते काय म्हणून, आणि तुम्ही डोळे मिटून पडले! एक शब्द नाही निघाला तुमच्या तोंडातून! खजूर जायला बरोबर उघडते तोंड! मला रडूही येत होतं आणि शिव्याही. ह्यांनी काउंटरची फळी उचलली, बाहेर आले आणि मुकाट माझ्यामागं चालायला लागले.

तिथूनच आम्ही हॉस्पिटलात गेलो. नंबर नव्हता. मी नंबर असलेल्या सहा माणसांची माफी मागून आत शिरले.

“सांगा,” मी ह्यांना म्हटलं.

हे बोटांवर मोजत बसले. साध्या दिवशी पंचवीस-तीस. थंडीच्या दिवसांत आणि रमजानमध्ये चाळीसच्या वर. दुपारी भूक लागायची, डबा घशाखाली उतरायचा नाही, म्हणून त्या वेळचे आठ-दहा वेगळे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“तीन मोठे खजूर म्हणजे एक केळं धरा,” ते म्हणाले. “फळ सुकलं की फक्त पाणी उडतं. साखर, पोटॅशियम सगळं आत तसंच राहतं, म्हणून लहानशा फळातून खूप जातं. तुम्ही रोज डझनभर केळी खात होता, काका.”

मग माझी पाळी. मी म्हटलं, “डॉक्टर, मॅडमनी विचारलं, सुकामेवा खाता का. तुम्ही विचारलं, घरी पथ्य नीट चाललंय ना. हा माणूस दिवसभर करतो काय, हे कोणी विचारलं? माझ्या वस्तीत एखादं पोर वाळलं तर मी आधी विचारते, आई कामाला कुठं जाते, पोर दिवसभर कोणाकडं असतं. तुमच्या कागदावर ‘नोकरी’ लिहिलंय. तेवढ्यावर तुम्ही ह्यांचा हात कापायला निघाले.”

त्यांनी फाइल उघडून तो रकाना पाहिला. ‘नोकरी’ मीच सांगितलं होतं हेही मी तिथंच कबूल केलं, कारण राग आला तरी मी खोटं बोलत नाही.

“तीन आठवडे,” ते ह्यांना म्हणाले. “एकही नाही. चाखायलाही नाही. आकडा खाली राहिला तर सर्जनची वेळ रद्द करू.”

“एकतीस साल झाले साहेब, चाखल्याशिवाय माल देला नाही मी,” हे म्हणाले. “मंग काउंटरवर उभा राहून करू काय?”

मला त्या क्षणी ह्यांची दया आली. आणि दया आली म्हणून अजून चीड आली. ज्या माणसाचा जीव टांगणीला लागला आहे, त्याला काळजी कशाची, तर गिऱ्हाईकाची!

शेठ भला वागला असं लोक म्हणतील. मी म्हणणार नाही. त्यानं ह्यांना गोदामात जा म्हणून सांगितलं, कारण न चाखणारा माणूस काउंटरवर कशाला. ह्यांनी ऐकलं नाही, दोन दिवस मागून घेतले. तोंडात लवंग धरून उभे राहायचे, म्हणजे हात सवयीनं तोंडाकडं गेला तरी तोंड भरलेलं असायचं. डबा घेऊन पहिले दहा दिवस मी स्वतः जायचे आणि संपेपर्यंत स्टुलावर बसायचे. त्याच डाएटिशियन मॅडमना विचारून मी भाजीला लसूण, जिरं, हिरवी मिरची, वरून दोन थेंब लिंबू घालायला लागले. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर वॉचमन एवढा जाड झाला नसता.

दुसऱ्याच दिवशी हे संध्याकाळी घरी आले आणि चपला न काढताच बोलायला लागले. एक म्हातारी बाई, दर रमजानला येणारी, नेहमीसारखी म्हणाली, आप चखके दो. हे म्हणाले, “खाला, किडनी खराब हो गई. अब नहीं चख सकता.” त्या बाईनं ह्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “इतने साल आपने हमारे लिए चखा. अब देखके बोल दो, काफ़ी है.” दोन किलो घेऊन गेली. हे मला सांगताना भिंतीकडं बघत होते. शेठनं गोदामाचा विषय मग काढला नाही.

हे सगळं वाचून कोणी खजूर फेकून देऊ नका. धडधाकट माणसानं रोज दोन-चार खाल्ले तर काही होत नाही. मी आजही गरोदर बायांना खजूर खा म्हणते. पण घरात कोणाला बीपी असेल, शुगर असेल, किडनीचं काही असेल, तर ‘नैसर्गिक आहे, कितीही खा’ असले मोबाइलवरचे मेसेज चुलीत घाला, आणि आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे. अशक्तपणा आला, हिमोग्लोबिन उतरलं की आपण आधी खजूर-अंजीर आणतो. थकलेल्या किडनीमुळंसुद्धा रक्त उतरतं, तेव्हा तोच खजूर उलटतो. आणि डॉक्टरांनी नाही विचारलं तरी आपल्या माणसाचं काम काय, दिवसभर त्याच्या तोंडात काय जातं, हे तुम्ही स्वतः सांगा. मिठाईवाला असेल, आचारी असेल, पानठेलेवाला असेल. चाखलेलं, उष्टं, उरलेलं, सगळं मोजा. बायकांनो, पोरांच्या ताटातलं उरलेलं तुम्ही संपवता ना, तेही.

तीन आठवड्यांनी आम्ही रिपोर्ट घेऊन गेलो. चार पॉइंट नऊ. क्रिएटिनिनही थोडं खाली. डॉक्टरांनी दोनदा कागद पाहिला आणि सर्जनच्या चिठ्ठीवर रेघ मारली. “फिस्टुलाची सध्या गरज नाही. दर महिन्याला तपासत राहू. शाब्बास काका, छान कंट्रोल केलंत!”

शाब्बास काका! मी पर्स उचलली. आता बोलले तर पुन्हा इथं पाय ठेवता येणार नाही असं बोलले असते.

हे मात्र उठले नाहीत. खुर्चीतच बसून म्हणाले, “डॉक्टर, एक काम करा न. हिले सॉरी म्हणा.”

डॉक्टरांना कळलं नाही. मलाही नाही.

“तुम्ही, मॅडम, माही बहीण, सगळे हिलेच बोलले. मी ऐकत बसलो. वही खरी होती तिची. हिले सॉरी म्हणा, मंग आम्ही निघतो.”

डॉक्टर उठून उभे राहिले. वयानं लहान आहेत माझ्यापेक्षा बरेच. चष्मा काढला आणि म्हणाले, “मॅडम, चुकलं माझं. कामाचं विचारायला हवं होतं.” बाहेर पाच-सहा पेशंट वाट पाहत होते, दार अर्धं उघडं होतं, सगळ्यांनी ऐकलं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. मी ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणत बाहेर आले.

ऑटोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की दुसऱ्याला सॉरी म्हणायला लावून हे स्वतः मोकळे झाले आहेत. स्वतः अजून म्हटलेलं नाही. आज दोन महिने झाले, तरी नाही. मी रोज समोर ताट ठेवते आणि तोंडाकडं बघते, आज तरी म्हणतील. म्हणत नाहीत. जेवतात, लसणाची भाजी पुन्हा मागतात, आणि उठतात. मला अजूनही भयंकर राग येतो. पण समोर जेवायला माणूस बसलेला आहे, म्हणून रागावता तरी येतं.